नेमकं अडतंय कुठे

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला दिवसभरात जे फोन येतात, त्यांतले बरेचसे ‘परमिशन डिनाइड’ या दोन शब्दांपाशी येऊन ठेपतात. फाइल उघडत नाही, सेव्ह होत नाही, स्क्रिप्ट चालत नाही, वेबसाइटवर ‘फॉरबिडन’ दिसतं. सांगणारा घाईत असतो आणि बहुतेक वेळा उपायही तोच सुचवतो, “मॅडम, त्या फोल्डरला ट्रिपल सेव्हन देऊन टाका ना.” पुण्यात मी हे काम दोन दशकांहून जास्त काळ करते आहे. आधी एका छापखान्यात, मग एका रुग्णालयात, आता एका कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. मशिनं बदलली, सॉफ्टवेअर बदललं, ही तक्रार मात्र तशीच राहिली. या कामातलं मला जे कळलं, त्यातलं बरंचसं तिच्यामुळेच कळलं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युनिक्स किंवा लिनक्सवर प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक ग्रुप असतो, आणि मग उरलेले सगळे. या तिघांना वाचायची, लिहायची आणि चालवायची मुभा वेगवेगळी देता येते. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, म्हणजे पूर्ण मुभेचे सात. ६४४ म्हणजे मालक वाचेल-लिहील, बाकीचे नुसतं वाचतील. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्सबरोबर घडलेली ही मांडणी आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही आहे. तिथे तर प्रत्येक अॅप हाच एक वेगळा यूजर असतो.

७७७ दिलं की तक्रार थांबते, हे खरं आहे. आणि मला त्याची भीती वाटते ती याच कारणाने. तक्रार थांबली की शोधही थांबतो. अडवणारा नियम कुणी, कधी, कशासाठी घातला होता हे कुणालाच कळत नाही, आणि दार मात्र कायमचं उघडं राहतं. मला या कामात तयार करणारे एक ज्येष्ठ सहकारी होते. ते कीबोर्डला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, “मागतंय कोण?” समोर बसलेला माणूस नव्हे, तर प्रत्यक्षात फाइल मागणारा प्रोग्रॅम कुणाच्या नावाने चालतो आहे, असं त्यांना विचारायचं असायचं. डेव्हलपर स्वतःच्या लॉगिनने फाइल उघडून दाखवतो आणि म्हणतो, बघा, उघडतेय. पण वेबसाइटला ती फाइल तो देत नसतो. ती देतो वेब सर्व्हर, आणि तो ‘अपाची’ किंवा अशाच एखाद्या वेगळ्या यूजरच्या नावाने चालतो. हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि तीच रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालत नाही, त्यामागेही अनेकदा हेच असतं. म्हणून मी आज कुणालाही आधी हेच करायला सांगते. ‘सूडो’ वापरून त्या यूजरच्या नावाने ती फाइल वाचून बघा. अर्धी प्रकरणं तिथेच उलगडतात.

उरलेल्या अर्ध्यांपैकी बरीच वाटेत अडलेली असतात. एका शिक्षणसंस्थेचं काम आमच्याकडे होतं. निकालाच्या आदल्या संध्याकाळी निकालाची फाइल वेबसाइटवर दिसेना. फाइलची परवानगी ६४४, फोल्डरची ७५५, सगळं व्यवस्थित. तिथला मुलगा तासभर त्याच फाइलवर ‘सीएचमॉड’, म्हणजे परवानगी बदलायची कमांड, चालवत होता. ‘नेमआय’ नावाची एक छोटी कमांड आहे. ती मुळापासून फाइलपर्यंतच्या वाटेवरचा प्रत्येक फोल्डर एकेका ओळीत दाखवते, त्याच्या मालकासकट आणि परवानगीसकट. ती चालवली. चौथ्या ओळीवर त्या मुलाचं स्वतःचं होम फोल्डर होतं, ७०० असलेलं. म्हणजे त्याच्याशिवाय कुणालाच आत पाऊल टाकता येत नव्हतं. जुन्या वाड्यात माजघराचं दार सताड उघडं असलं, तरी दिंडी दरवाजालाच कडी असेल तर पाहुणा बाहेरच उभा राहणार, तसं हे होतं. फोल्डरवरचा ‘एक्स’ म्हणजे तिथून पुढे जाण्याची मुभा, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ते नजरेला दिसायला वर्षं जातात. आम्ही होम फोल्डर उघडं केलं नाही. निकाल वेब सर्व्हरच्या जागी हलवला आणि दहा मिनिटांत काम झालं.

हलवण्यातही एक गोम असते. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसई-लिनक्स नावाचा आणखी एक पहारा असतो. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने तो तयार करून २००० सालच्या शेवटी सर्वांसाठी खुला केला. मालक-ग्रुपच्या परवानग्या नीट असल्या, तरी फाइलवरचं लेबल चुकलं की हा पहारा अडवतो. आणि ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल आपलं जुनं लेबल घेऊनच येते, ‘सीपी’ने केलेली कॉपी मात्र नव्या जागेचं लेबल घेते. होम फोल्डरमधून हलवलेली पानं वेब सर्व्हर दाखवत नाही आणि ‘एलएस’ने बघितलं तर सगळं ठीक दिसतं. मग ‘एलएस’ला मोठा झेड जोडून लेबल बघायचं आणि ‘रिस्टोअरकॉन’ने ते सुधारायचं, एवढंच असतं. पण इंटरनेटवरचा सल्ला एकच असतो, एसई-लिनक्स बंद करा. कितीतरी सर्व्हरवर मी तो बंद केलेला बघितला आहे, आणि का बंद केला असं विचारलं की उत्तर येतं, “तेव्हा काहीतरी चालत नव्हतं.”

छापखान्याचे दिवस मला फार जवळचे. दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला की ऑगस्टपासूनच दोन शिफ्ट चालायच्या. डीटीपी ऑपरेटर विंडोज मशिनांवर पेजमेकरमध्ये पानं लावायचे आणि फाइली एका लिनक्स सर्व्हरवर ठेवायचे. मधला दुवा सांबाचा. तक्रार रोजची. सकाळच्या शिफ्टने लावलेलं पान संध्याकाळच्या ऑपरेटरला उघडता येई, सेव्ह करता येत नसे. मग तो वेगळ्या नावाने सेव्ह करायचा. एकाच कथेच्या तीन-तीन फाइली तयार व्हायच्या, आणि प्रूफं तपासणाऱ्या काकांनी जुन्या पानावर केलेल्या दुरुस्त्या नव्यात नसायच्या. एका अंकात एका कवितेची शेवटची दोन कडवी छापायची राहिली, ती यामुळेच. संपादक स्वतः छापखान्यात आले होते. ते चिडले नाहीत. नुसतं पान समोर धरून बसले होते, ते मला अजून आठवतं.

प्रत्येक नवी फाइल बनवणाऱ्याच्या नावावर आणि त्याच्याच ग्रुपवर जन्माला येत होती, लिहायची मुभा फक्त त्याला. दोष कुणाचाच नव्हता. मूळ सेटिंगच तशी होती. मी सगळ्या ऑपरेटरांचा एक ग्रुप केला, फोल्डरला ‘सेट-जीआयडी’ लावलं, म्हणजे तिथे बनणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या ग्रुपची होईल, आणि सांबाच्या ‘क्रिएट मास्क’मध्ये ग्रुपला लिहायची मुभा घातली. पण त्याआधी मी दोन दिवस नुसती त्यांच्याशेजारी बसून होते. कोण कुणाची फाइल उघडतं, कुठल्या फाइलला दुसऱ्याने हात लावायचाच नाही, हे विचारत होते. त्यातूनच कळलं की प्लेटसाठी गेलेली पानं नंतर कुणालाच बदलता येता कामा नयेत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचण्यापुरती ठेवली. ‘सगळ्यांना लिहू द्या’ म्हणणाऱ्यांनाच, नीट विचारल्यावर, काही ठिकाणी कुणीच लिहू नये असं हवं होतं.

तिथेच एका ऑपरेटरने रागारागात विचारलेला प्रश्नही लक्षात राहिला. “फाइल माझी, लिहायची परवानगी फक्त मला, मग दुसऱ्याने ती डिलीट कशी केली?” प्रश्न अगदी रास्त होता. फाइल काढून टाकणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून तिचं नाव खोडणं. ते फोल्डरवर लिहायची मुभा असलेला कुणीही करू शकतो, फाइलच्या परवानगीचा त्याच्याशी संबंध नाही. सर्वांच्या तात्पुरत्या फाइली जिथे ठेवतात त्या ‘टीएमपी’ फोल्डरला म्हणूनच ‘स्टिकी बिट’ लावलेलं असतं. तिथे ज्याने त्याने आपलंच खोडायचं.

फोनवर काम करायचं तर माणसाला स्क्रीनवरची ओळ अक्षरन् अक्षर वाचायला लावावी लागते. लोक ‘परमिशनचा एरर’ एवढंच सांगतात. पण ‘परमिशन डिनाइड’ वेगळं आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ वेगळं. पहिल्यात साधारणपणे फाइलच्या किंवा वाटेतल्या फोल्डरच्या परवानगीने अडवलेलं असतं. दुसऱ्यात, ते काम करायचा अधिकारच मागणाऱ्याला नसतो, किंवा फाइलला कुणीतरी ‘सीएचअॅटर’ने कुलूप घातलेलं असतं आणि मग सर्वाधिकार असलेल्या रूट यूजरलाही ती बदलता येत नाही. तिसरी ओळ ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. एका रात्री एका शाखेतून असाच परमिशनचा फोन आला. ओळ वाचून घेतली तर ही तिसरी निघाली. डिस्कवर चुका दिसल्यावर लिनक्सने ती आणखी बिघडू नये म्हणून लिहिणंच थांबवलं होतं. परवानग्यांशी खेळत बसलो असतो तर तेवढ्या वेळात डिस्क गेली असती. बॅकअप घेतला आणि सकाळी डिस्क बदलली.

कधीकधी मशीन सांगतं एक आणि अडलेलं असतं भलतंच. एसक्यूलाइटच्या डेटाबेस फाइलला लिहायची मुभा दिलेली असते, तरी अॅप्लिकेशन लिहायला नकार देतं. ‘एसट्रेस’ लावून एकेक सिस्टिम कॉल बघितला की दिसतं, प्रोग्रॅम त्या फाइलच्या शेजारी एक जर्नल फाइल बनवू पाहतो आहे आणि फोल्डरवर त्याला लिहिता येत नाही. ‘एसट्रेस’च्या त्या भराभर सरकणाऱ्या ओळींत नेमकी ‘ईअॅक्सेस’ची ओळ सापडते तो क्षण मला आजही आवडतो. तोवरचे सगळे अंदाज गळून पडतात. अमुक वेळी, अमुक फाइल मागितली, नकार मिळाला. एवढंच समोर उरतं.

नेटवर्कवरच्या डिस्कची तऱ्हा आणखी वेगळी. एनएफएसने जोडलेल्या फोल्डरवर रूटला लिहिता येत नाही, हे पाहून अनुभवी माणसंही गोंधळतात. पण दुसऱ्या मशिनवरचा रूट आपल्याकडे ‘नोबडी’ म्हणून धरायचा, अशी तिथली नेहमीची सेटिंगच असते. शिवाय मशीन नावं जाणत नाही, आकडे जाणतं. एकाच नावाचा यूजर एका सर्व्हरवर १००१ आणि दुसऱ्यावर १००४ असला, तर तो दोन वेगळी माणसं ठरतो. नव्या माणसाला ग्रुपमध्ये घातलं आणि तरी अडतंय, हा फोन तर आठवड्याआड येतो. लॉगआउट करून परत आत या, एवढंच त्याचं उत्तर. सुरू असलेलं सेशन जुन्याच ग्रुपांवर चालत राहतं.

एका रात्रीचा प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. बाहेरच्या एका कंपनीचा इंजिनिअर आमच्या सर्व्हरवर अॅप्लिकेशन बसवत होता. लॉग लिहिला जाईना, म्हणून त्याने रूटने ‘सीएचमॉड’ला ‘आर’ जोडून ७७७ दिलं, लॉगच्या फोल्डरला. पण पहिल्या तिरप्या रेघेनंतर एक मोकळी जागा पडली. कमांड मुळापासून सुटली. त्याच्या लक्षात येऊन त्याने थांबवेपर्यंत बरंच होऊन गेलं होतं. नवीन लॉगिन होईना, कारण एसएसएचच्या किल्ल्या सगळ्यांना वाचता येताहेत म्हटल्यावर सर्व्हरने त्या वापरायलाच नकार दिला. ‘सूडो’ चालेना. त्याची नियमांची फाइल कुणालाही बदलता येईल अशी झाली होती, आणि मुख्य म्हणजे ‘सूडो’वरचं ‘सेट-यूआयडी’ही पुसलं गेलं होतं. साध्या यूजरला एखादं काम रूटच्या अधिकाराने, पण ठरवून दिल्याइतकंच करता यावं, यासाठी डेनिस रिची यांनी ही युक्ती शोधली. तिचं पेटंट १९७९मध्ये मिळालं आणि ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. पासवर्ड बदलण्यासारखी रोजची गोष्टही त्या एका बिटावर चालते.

त्या मुलाने एक शहाणपण केलं. उघडं असलेलं रूटचं सेशन त्याने बंद केलं नाही आणि लगेच मला फोन केला. त्याचा आवाज थरथरत होता. मी त्याला म्हणाले, “तू फक्त ती खिडकी बंद करू नकोस, बाकी आपण बघू.” आरपीएमच्या नोंदीत प्रत्येक पॅकेजच्या फाइलींचे मालक आणि परवानग्या लिहिलेल्या असतात. आधी मालक पूर्ववत केले, मग परवानग्या; हा क्रम महत्त्वाचा, कारण मालक बदलला की ‘सेट-यूआयडी’ पुन्हा पुसलं जाऊ शकतं. पॅकेजमध्ये नसलेल्या, आमच्या स्वतःच्या डेटाच्या फाइलींसाठी जोडीच्या सर्व्हरवरून ‘गेटएफएसीएल’ने पूर्ण यादी काढली आणि ती इथे लागू केली. पहाटे सिस्टिम उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या साहेबांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना सांगितलं की मुलाने लगेच कळवलं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक सर्व्हरवर ती यादी दर आठवड्याला आपोआप साठवली जाते.

पण या कामाकडे बघायची माझी दृष्टी बदलली ती रुग्णालयात. एकदा रजिस्ट्रेशन काउंटरवरचा प्रिंटर बघायला गेले होते. स्क्रीनवर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टांचं फोल्डर उघडं होतं. प्रत्येक फाइलच्या नावातच पेशंटचं नाव आणि तपासणीचं नाव. मी विचारलं, हे तुम्हाला कसं दिसतं? काउंटरवरचा ऑपरेटर साधेपणाने म्हणाला, “सगळ्यांनाच दिसतं की. कधी कोणी गावाकडचं, ओळखीचं आलं तर बघतो आम्ही.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सॉफ्टवेअर बसवताना कुणाला तरी रिपोर्ट दिसत नव्हते, आणि बसवणाऱ्याने ७७७ देऊन तक्रार मिटवली होती. त्याला काही वर्षं झाली होती. त्या यादीत एचआयव्हीच्या तपासण्या होत्या, गरोदरपणाच्या होत्या. एखाद्या मुलीचं गावातलं आयुष्य ज्यावर अवलंबून असेल असा कागद, आणि तो वाचायला बिलिंगपासून भांडारापर्यंत सगळ्यांना मुभा.

फोल्डर बंद करणं ही एका कमांडची गोष्ट होती. पण तसं केलं असतं तर रात्री दोन वाजता वॉर्डमधल्या सिस्टरला पोटॅशियमचा रिपोर्ट दिसला नसता. म्हणून आधी माणसं गाठली. पॅथॉलॉजीचे प्रमुख, मेट्रन, आयसीयूचे डॉक्टर, बिलिंगच्या बाई. कुणाला काय लागतं, का लागतं, किती वाजता लागतं. बिलिंगला तपासणीचं नाव आणि रक्कम लागत होती, रिपोर्ट लागतच नव्हता. लॅबला लिहायची मुभा दिली, वॉर्डांना वाचायची, रजिस्ट्रेशनला काहीच नाही. मालक, ग्रुप आणि उरलेले या तीन खणांत हे बसत नव्हतं, म्हणून एसीएल लावले, म्हणजे प्रत्येक गटाला वेगळी मुभा देणारी यादी. पहिला आठवडा कठीण गेला. एक सर्जन माझ्यावर ओरडले, त्यांच्या सेक्रेटरीला रिपोर्ट दिसत नव्हता. मी त्यांना ती जुनी यादी दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “तिला नको देऊ. मला माझ्या मशिनवर दे.”

पुढे काही महिन्यांनी एक दिवस सगळ्या वॉर्डांचं बंद पडलं. एसीएल बघितला तर वॉर्डांची मुभा जागेवर होती, पण प्रत्येक ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ म्हणून नुसत्या आडव्या रेघा. कुणीतरी त्या फोल्डरवर साधा ‘सीएचमॉड’ ७०० चालवला होता. एसीएल असलेल्या फोल्डरवर तो ग्रुपचा खण बदलत नाही, मास्क बदलतो, आणि मास्क सगळ्या ग्रुपांची मुभा झाकून टाकतो. दोन मिनिटांचं काम होतं. पण मला बरं वाटलं ते वेगळ्याच कारणाने. कुणीही ७७७ मागितलं नव्हतं. मेट्रनबाईंनी फोनवर इतकंच विचारलं, “वॉर्डांची वाचायची परवानगी गेलीय, कोणी काढली का?” पुढे कायदाही आला. एचआयव्हीसंबंधीचा हा कायदा २०१७चा, सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थांवर ती सुरक्षित ठेवण्याचं बंधन त्याने घातलं. आमचं फोल्डर त्याच्या बऱ्याच आधी बंद झालं होतं, याचं मला आजही समाधान आहे.

आता सगळं कंटेनरमध्ये चालतं. आकड्यांचा तो जुना घोळ तिथेही आहेच. कंटेनरमधला यूजर आणि होस्टवरच्या फोल्डरचा मालक यांचे आकडे जुळले नाहीत की तीच ओळ पुन्हा दिसते. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने गेल्या महिन्यात असंच एक प्रकरण स्वतः शोधून काढलं. पगारपत्रकाचा प्रोग्रॅम कुठल्या आकड्याने चालतो, कुठल्या फोल्डरवर अडतो, सगळं तिकिटात लिहून ठेवलं होतं. परवानगी बदलायची कमांडही लिहिली होती, पण चालवली नव्हती. तिने मला फोन केला तो वेगळ्या गोष्टीसाठी. त्या फोल्डरमध्ये जुने पगाराचे तपशीलही होते, तर प्रोग्रॅमला तिथे लिहू द्यायचं की वेगळं फोल्डर करायचं, हे ठरवायचा अधिकार कुणाचा? मी तिला अकाउंट्सच्या विभागप्रमुखांचा एक्स्टेन्शन नंबर दिला.